पहिलीच परदेशवारी आणि तीही कोस्टा रिका: कुठून सुरू करायचं, काय बघायचं

मागच्या फेब्रुवारीत मी आणि आई दहा दिवस कोस्टा रिकाला जाऊन आलो. आम्ही दोघी चिपळूणच्या, दोघींचाही पासपोर्ट पहिलाच. भाऊ ह्यूस्टनला असतो म्हणून अमेरिकेचा व्हिझिटर व्हिसा काढलेला, तिथे पोचल्यावर तोच म्हणाला की इथून कोस्टा रिकाच्या राजधानीचं, सान होसेचं विमान चार तासांच्या आत पोचतं, एवढ्या लांब आलाच आहात तर जाऊन या. परत आल्यापासून ओळखीतले, नात्यातले सगळे तेच तेच विचारतात, व्हिसा कसा काढला, शाकाहारी मिळतं का, इंग्रजी चालतं का, दोघी बायकाच गेलात तर भीती नाही वाटली का. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय, पहिल्यांदा जाणाऱ्याला उपयोगी पडेल असं.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते कारण ती आम्हाला उशिरा कळली. ठिकाणं कमी करा. नकाशावर हा देश एवढासा दिसतो, ५१,१०० चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण सहावा हिस्सा, एका बाजूला पॅसिफिक आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र, त्यामुळे वाटतं की आठवड्यात सगळा देश पालथा घालू. पण मधे डोंगरांची रांग आडवी पडलीये, घाटरस्ते आहेत, पुढे एखादा ट्रक लागला की त्याच्याच मागे मागे जायचं, आणि मॅप तीन तास दाखवतो तिथे पाच लागतात. आमच्या पहिल्या कागदावर सहा ठिकाणं होती. त्यातली तीन खोडली आणि ट्रिप खरी तिथून चांगली झाली.

व्हिसाचं नीट समजून घ्या

भारतीय पासपोर्टवर कोस्टा रिकाला व्हिसा लागतो, त्यांची वकिलात दिल्लीत आहे. पण तुमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू, मल्टिपल एंट्री व्हिसा छापलेला असेल तर वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आमचं तसंच झालं. तरी तिकीट काढायच्या आधी कोस्टा रिकाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर आपल्या व्हिसाचा प्रकार आणि मुदत बसते का ते त्या दिवशीच्या तारखेला वाचून घ्या, कारण असे नियम बदलतात आणि एअरलाइनवाला काउंटरवर तेच नियम बघून बोर्डिंग पास देतो.

आता अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे महत्त्वाचं. भाऊ आमच्याबरोबर येणार होता, रजा टाकून झालेली. त्याच्या पासपोर्टवरचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा स्टॅम्प संपलेला, हातात आय-७९७ चा नवीन कागद, म्हणजे अमेरिकेत राहायची मुदत वाढल्याची मंजुरी, होता. त्याला वाटलं कॅनडा-मेक्सिकोला जाऊन येतात लोक त्या कागदावर, तसंच हे. तसं नाहीये. स्टॅम्प संपलेला असताना थोड्या दिवसांसाठी जाऊन परत येण्याची जी सवलत आहे ती कॅनडा आणि मेक्सिकोपुरती, कोस्टा रिकाहून परत येताना चालू स्टॅम्पच लागतो. आणि कोस्टा रिकात शिरतानाही आय-७९७ वर व्हिसाची मुदत वाढलीय असं धरत नाहीत. नशीब, तिकिटाचे पैसे भरायच्या आदल्या रात्री त्याने वाचलं. तो राहिला, आम्ही दोघी गेलो. व्हिझिटर व्हिसावर असाल तर परत येताना अमेरिकेच्या इमिग्रेशन ऑफिसरसमोर पुन्हा उभं राहावं लागतं, तेव्हा भारतात परत जायचं तिकीट जवळ ठेवा.

थेट भारतातून जाणार असाल तर सरळ विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर एअरपोर्टच्या बाहेर पाय नाही टाकला तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. युरोपातून माद्रिदहून सान होसेला थेट विमान आहे, तिथला ट्रान्झिटचा नियम तेवढा आपल्या पासपोर्टसाठी बघून घ्यायचा. पनामा किंवा कोलंबियामार्गे स्वस्त तिकीट दिसलं की लगेच घेऊ नका. हे दोन्ही देश भारताच्या यलो फीव्हरच्या यादीत आहेत, तिथून आलेल्या माणसाकडे आपल्याकडे लसीचं सर्टिफिकेट मागतात. ही लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि सर्टिफिकेट लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून भागत नाही.

बाकी कागद नेहमीचे. पासपोर्टला सहा महिने तरी शिल्लक असू द्या. देशातून बाहेर पडायचं तिकीट आधीच काढलेलं हवं, हे चेक-इनलाच विचारतात, आम्हाला ह्यूस्टनला विचारलं आणि सान होसेला उतरल्यावर परत विचारलं. मी रिटर्न तिकीट, सगळ्या हॉटेलांची बुकिंगं आणि इन्शुरन्स असं सगळं कागदावर छापून आईच्या पर्समधे ठेवलेलं. मोबाइल बंद पडला तर, हा आईचा प्रश्न होता आणि तो बरोबर होता.

कधी जायचं

डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन, मे ते नोव्हेंबर पावसाळा. गंमत म्हणजे तिथले लोक कोरड्या सीझनला उन्हाळा म्हणतात आणि पावसाळ्याला हिवाळा, थंडी काही पडत नाही तरी. पावसाळ्यात सकाळी बऱ्याचदा ऊन असतं आणि दुपारी ओततो, हॉटेलं स्वस्त असतात, कोकणातल्या माणसाला त्याचं काही वाटू नये. कॅरिबियन किनाऱ्याचं गणित मात्र उलटं आहे, तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबर त्यातल्या त्यात कोरडे जातात. ईस्टरच्या आधीचा आठवडा टाळा, अख्खा देश सुट्टीवर असतो आणि समुद्रावर जागा मिळत नाही. त्याच किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोला हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात ती साधारण जुलै ते ऑक्टोबर, तेच बघायचं असेल तर तेव्हाच जावं लागेल. तिथे रस्ता जात नाही, होडीने किंवा छोट्या विमानाने जायचं. आमच्या खोडलेल्या तिघांतलं ते एक. वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना आईने पाहिलीयेत, त्यामुळे तिला ते खोडताना वाईट वाटलं, पण फेब्रुवारीत जाऊन काही हाती लागलं नसतं.

पैसे

त्यांचं चलन कोलोन. क्रिस्तोबाल कोलोन म्हणजे आपण ज्याला कोलंबस म्हणतो त्याच्या नावावरून. डॉलरला साधारण पाचशे कोलोन असा भाव आम्ही गेलो तेव्हा होता, म्हणून मी सोपा हिशोब ठेवला, किंमत कोलोनमधे दिसली की सहाने भागायचं, रुपये येतात. ३,६०० कोलोनचं जेवण म्हणजे सहाशे रुपये. आईला हे दुसऱ्या दिवसापासून तोंडपाठ. नोटा फार सुंदर आहेत हो, दहा हजाराच्या नोटेवर स्लॉथ, म्हणजे झाडाला लटकून राहणारा तो संथ प्राणी, पाच हजाराच्या नोटेवर पांढऱ्या तोंडाचं माकड, वीस हजारावर हमिंगबर्ड.

कोलोन भारतात शोधत बसू नका, डॉलर न्या. भारतातून परदेशी नोटा एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, तेवढ्या लागतही नाहीत. टुरिस्ट भागात डॉलर सगळीकडे घेतात, पण छोट्या नोटा हव्यात आणि फाटकी, शाई लागलेली नोट घेत नाहीत. खानावळ, बस, भाजी-फळं याला कोलोन दिलेलेच बरे, ते एटीएममधून काढा. एअरपोर्टवरच्या मनी एक्स्चेंजला भाव फार पाडून देतात. हॉटेलात जेवलात तर बिलात १३ टक्के कर आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच असतो, वर टीप द्यायलाच पाहिजे असं नाही.

आणि मनाची तयारी ठेवा, हा देश स्वस्त नाही. मध्य अमेरिका म्हटलं की वाटतं सगळं कमी पैशात होईल, शेजारच्या निकाराग्वात ते होत असेलही. आम्हा दोघींचा विमान सोडून दहा दिवसांचा खर्च १,८०० डॉलरच्या आसपास गेला, त्यात साधी पण स्वच्छ हॉटेलं, शेअर शटल आणि तीन वेळा गाइड. गाइडचे पैसे वाचवू नका, त्याचं पुढे सांगते.

फिरायचं कसं

तीन पर्याय आहेत. सरकारी नियंत्रणातल्या भाड्याच्या पब्लिक बस अगदी स्वस्त, पण सान होसेत सगळ्या बस एका स्टँडवरून सुटत नाहीत, गावागणिक टर्मिनल वेगळं, आणि लांबच्या गावांना दिवसातून दोन-चारच फेऱ्या. दुसरं शेअर शटल, म्हणजे दहा-बारा जणांची एसी व्हॅन, हॉटेलच्या दारातून उचलते आणि पुढच्या हॉटेलच्या दारात सोडते, माणशी साधारण ५० ते ६५ डॉलर. आई बरोबर होती म्हणून आम्ही हेच घेतलं. तिसरं भाड्याची गाडी. ज्यांना उजव्या बाजूने चालवायची सवय आहे त्यांनीच विचार करा, आणि ऑनलाइन दिसणारा दिवसाचा भाव खरा धरू नका, कारण तिथला सक्तीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स त्यात बरेचदा धरलेला नसतो, काउंटरवर गेल्यावर आकडा दुप्पट-तिप्पट होतो. भावाच्या एका मित्राचं असंच झालेलं. बुक करतानाच ईमेल करून सगळं मिळून शेवटचा आकडा लेखी मागून घ्या.

काहीही घेतलंत तरी अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. तिथे वर्षभर संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार होतो, रस्त्यावर दिवे नाहीत, घाटात धुकं आणि कुठे कुठे कठडाच नाही.

पत्ते हा एक मस्त प्रकार आहे. रस्त्याचं नाव, घर नंबर असं कोणी वापरत नाही. चर्चपासून २०० मीटर उत्तरेला, मग ५० मीटर पूर्वेला, असा पत्ता. त्यात शंभर मीटर म्हणजे मोजून शंभर नाही, एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत. सान होसेजवळ सान पेद्रोला एक मोठं उंबराच्या जातीचं झाड होतं, ते कधीच गेलं, तरी पत्ते अजून जुन्या झाडापासूनच सांगतात. हे मला अजिबात परकं वाटलं नाही, आमच्याकडेही पडलेल्या वडाजवळून डावीकडे असंच सांगतात. तुम्ही फक्त हॉटेलचं लोकेशन व्हॉट्सअपवर मागून ठेवा, तिथे हॉटेल, शटल, गाइड सगळे व्हॉट्सअपवर असतात. सिम कार्ड पासपोर्ट दाखवून एअरपोर्टवर मिळतं.

सान होसेत टॅक्सी घेतलीत तर लाल रंगाची, दारावर पिवळा त्रिकोण असलेली, एअरपोर्टची टॅक्सी केशरी. रात्री शहराच्या मध्यभागी पायी फिरू नका. बसमधे बॅग मांडीवर ठेवा, वरच्या रॅकवर नको, आणि समुद्रावर सामान ठेवून दोघी एकदम पाण्यात जायचं नाही. एवढं सांभाळलं आणि आम्हाला कुठेच भीती वाटली नाही. लोक शांत आहेत. या देशाने १ डिसेंबर १९४८ ला आपलं सैन्य बरखास्त केलं, अजून सैन्य नाही. आईने हे ऐकलं तेव्हा तिने गाइडला दोनदा विचारून घेतलं की म्हणजे एकही सैनिक नाही का.

भाषा आणि जेवण

टुरिस्ट भागात इंग्रजी चालतं, बस स्टँडवर आणि खानावळीत नाही. चार शब्द पाठ करा. बुएनोस दियास, ग्रासियास, कुआंतो कुएस्ता म्हणजे केवढ्याला. आभार मानलेत की समोरचा कोन मुचो गुस्तो म्हणतो, म्हणजे आनंदाने. आणि पुरा विदा, हे नमस्कार, ठीक, मजेत, बाय सगळ्याला चालतं. आईने पहिल्या दिवशी हा एकच शब्द घेतला आणि दहा दिवस त्यावर निभावलं, लोक हसून उत्तर द्यायचे.

शाकाहारी लोकांनी नीट वाचा. आई पूर्ण शाकाहारी. छोट्या घरगुती खानावळीला तिथे सोदा म्हणतात, तिथेच जेवायचं. सकाळी गायो पिंतो, म्हणजे काळ्या घेवड्याच्या उसळीत परतलेला भात, बरोबर अंडं किंवा चीज, तळलेलं पिकं केळं. दुपारी कासादो, एका ताटात भात, घेवडा, सॅलड, केळं आणि मासा, चिकन नाहीतर चीज. कासादोचा अर्थ लग्न झालेला! फक्त सिन कार्ने, म्हणजे मांस नको, एवढंच सांगितलंत तर तुमच्या ताटात चिकन किंवा हॅम येऊ शकतं, त्यांच्या डोक्यात कार्ने म्हणजे बहुतेक बीफ. म्हणून सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन असं एकेक नाव घेऊन सांगा. आणि घेवड्याला मान्तेका, म्हणजे डुकराची चरबी, घातलीय का ते विचारा, काही ठिकाणी घालतात. मी हे सगळं एका कार्डावर स्पॅनिशमधे लिहून घेतलेलं आणि ते सरळ पुढे करायचे. दोन खानावळींत त्यांनी मान डोलावून आईसाठी वेगळ्या भांड्यात घेवडा करून दिला.

आईला खरा आनंद कुठे झाला सांगू का. ला फोर्तुनाच्या एका सोदात आग्वा दुल्से मागवलं, गरम गरम मगभर आलं, तिने एक घोट घेतला आणि म्हणाली हे गुळाचं पाणी आहे. होतंच ते. उसाचा रस आटवून साच्यात ओतून करतात, तापा दे दुल्से म्हणतात, आपल्या गुळाचीच ढेप, आकार तेवढा वेगळा. मग तिला बाजारात सगळं ओळखीचंच दिसायला लागलं, शहाळं, पपई, काजूची बोंडं, पेरू. खरं तर शहाळं सोडलं तर ही आपल्याकडची फळं अमेरिका खंडातूनच आलेली. पपई आणि चिकू मूळचे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे, चिकू हा शब्दसुद्धा तिकडच्या जुन्या भाषेतून आलाय.

पाणी बहुतेक गावांत नळाचंच पितात, आम्हीही प्यायलो, काही झालं नाही. टॉयलेटमधे पेपर फ्लश करायचा नाही, बाजूच्या डब्यात टाकायचा, पाइप तुंबतात. हँड शॉवर आम्हाला कुठेच मिळाला नाही, एक छोटी बाटली जवळ ठेवा. स्वस्त खोलीत शॉवरच्या तोंडालाच विजेचा हीटर बसवलेला असतो, पाणी बारीक सोडलं की गरम येतं, चालू असताना त्याला हात लावू नका. प्लग अमेरिकेसारखे दोन चपट्या पट्ट्यांचे, वीज १२० व्होल्ट, मोबाइल-कॅमेऱ्याचे चार्जर चालतात, घरचा वॉटर हीटर किंवा छोटा मिक्सर नेऊ नका.

आम्ही गेलो तो मार्ग

एअरपोर्ट खरं तर सान होसेत नाही, शेजारच्या आलाहुएला गावात आहे, पहिली रात्र तिथेच काढा. मग तीन रात्री ला फोर्तुना, तीन मोंतेवेर्दे, दोन मान्युएल आंतोनिओ, आणि शेवटची रात्र परत आलाहुएला. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच मार्ग धरावा असं मला वाटतं, ज्वालामुखी, ढगातलं जंगल आणि समुद्र तिन्ही होतं आणि उलटसुलट प्रवास होत नाही.

ला फोर्तुना गावातून आरेनाल ज्वालामुखी दिसतो, अगदी चित्रात काढतात तसा शंकूसारखा. २९ जुलै १९६८ ला तो फुटला, त्यात पश्चिमेच्या बाजूची गावं गेली, आणि त्यानंतर २०१० पर्यंत तो धगधगत होता. आता शांत आहे, लाव्हा दिसेल म्हणून जाऊ नका. पण जमिनीखालच्या त्या उष्णतेवर गरम पाण्याचे झरे अजून वाहतात. मोठ्या रिसॉर्टमधे त्याचे भरपूर पैसे घेतात, पण ताबाकोनजवळ रस्त्याच्या कडेला एक फुकटची जागा आहे, गरम पाण्याची नदीच आहे, स्थानिक लोक तिथे सहकुटुंब येतात. आम्ही सकाळी लवकर गेलो. आमच्याकडे आरवली-तुरळला गरम पाण्याची कुंडं आहेत, पण जंगलातून वाहणारी गरम नदी पहिल्यांदा पाहिली. खडक निसरडे आहेत, पायात घट्ट सँडल हवी.

तिथून मोंतेवेर्देला जायला रस्त्याने मोठा वळसा आहे, त्यापेक्षा व्हॅन-होडी-व्हॅन असं तिकीट घ्या, तीन तासांत होतं. मधला आरेनाल तलाव धरणाचा आहे, १९७९ मधे धरण झालं तेव्हा जुनी गावं पाण्याखाली गेली आणि नवीन वसवली. त्यावर वीज होते. होडीत आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, कोयनेसारखंच.

मोंतेवेर्देवर मी जास्त लिहिणार आहे कारण आमचा जीव तिथे रमला. साधारण १,४०० मीटर उंची, कॅरिबियनकडून येणारा ओला वारा डोंगराला थडकतो आणि जंगलातच ढग होऊन बसतो. आंबोली पावसाळ्यात कशी असते तसं, पण इथे कोरड्या सीझनमधेसुद्धा, त्यामुळे रेनजॅकेट आणि एक स्वेटर हवाच. १९५१ मधे अमेरिकेच्या अलाबामामधून क्वेकर या युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं इथे येऊन राहिली, त्यांना सैन्यात भरती व्हायचं नव्हतं आणि या देशाने नुकतंच सैन्य काढून टाकलेलं. त्यांनी दुधाचा धंदा केला, चीज केलं, आणि पाण्याचा उगम राखायला डोंगरमाथ्याचं जंगल तसंच ठेवलं. पुढे १९७२ मधे तिथलं अभयारण्य सुरू झालं.

पहिल्या सकाळी आम्ही दोघीच जंगलात गेलो. दोन तास चाललो, झाडं पाहिली, शेवाळ पाहिलं, ढग पाहिले, आणि एक सुद्धा पक्षी नीट दिसला नाही. दुसऱ्या दिवशी गाइड घेतला. त्याच वाटेवर! तो शंभर पावलं चालला आणि थांबला, ट्रायपॉडवरची दुर्बीण लावली आणि आईला म्हणाला बघा. रानटी अवोकाडोच्या झाडावर केत्साल बसलेला, पाचूसारखा हिरवा, छाती लाल, आणि शेपटीची पिसं हातभर लांब खाली लोंबणारी. हे झाड आपल्या दालचिनीच्या कुळातलं, त्याचं फळ केत्सालचं आवडतं खाणं, त्यामुळे झाड कुठलं फळावर आहे हे ज्याला माहीत त्यालाच पक्षी सापडतो. फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत त्यांचा घरटी करायचा काळ, तेव्हा दिसायची शक्यता जास्त. त्याने मोबाइल दुर्बिणीला लावून फोटो काढून दिला, तो आता आमच्या घरात फ्रेम करून लावलाय. म्हणून म्हणते गाइडचे पैसे वाचवू नका, एक जेवण कमी घ्या, झिपलाइन सोडा, पण प्रत्येक जंगलात एकदा तरी गाइड घ्या, आणि शक्य असेल तर मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे पुढे तुम्हाला स्वतःला बघता येतं.

त्याच गाइडने सांगितलेलं मला फार लागलं. आज आपण कोस्टा रिका म्हणजे हिरवागार देश म्हणतो, पण गुरांच्या कुरणांसाठी तिथलं जंगल इतकं तोडलं गेलं की १९८० च्या दशकात ते देशाच्या जेमतेम पाव भागावर उरलेलं. मग १९९६ मधे कायदा केला, जो जमीनमालक आपल्या जमिनीवरचं जंगल राखेल त्याला सरकार त्याचे पैसे देतं, पेट्रोलवरच्या करातून. आज निम्म्याहून जास्त देशावर परत जंगल आहे. आमच्याकडे सह्याद्रीत खासगी रानं दरवर्षी लाकूडतोडीला जातात, ती बघत मी मोठी झालेय, त्यामुळे हे ऐकून मी त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारले, वॉक अडीच तासांचा होता तो चार तास चालला.

मोंतेवेर्दे ते मान्युएल आंतोनिओ हा प्रवास आम्ही चुकीचा धरला. आम्हाला वाटलेलं दुपारी एकला पोचू आणि संध्याकाळी समुद्रावर जाऊ, पोचायला साडेचार झाले. दिवस प्रवासाचाच धरा. वाटेत तार्कोलेस नदीच्या पुलावर गाड्या थांबतात, पुलावरून वाकून खाली बघितलं की चिखलात मोठमोठ्या मगरी पडलेल्या असतात. चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेतच, तरी एवढ्या एकत्र नाही पाहिल्या.

मान्युएल आंतोनिओ नॅशनल पार्क मंगळवारी बंद असतं, हे आधी बघून मग मुक्काम ठरवा. तिकीट गेटवर मिळत नाही, सरकारी साइटवर तारीख आणि वेळ निवडून आधी काढायचं, साधारण १८ डॉलर, सीझनमधे काही दिवस आधीच संपतात. सकाळी सातची वेळ घ्या. खाणं आत नेता येत नाही, बॅग उघडून बघतात, पाण्याची परत भरता येणारी बाटली चालते. कारण कळतं आत गेल्यावर, रॅकून आणि माकडं टुरिस्टच्या खाण्याला इतकी सोकावलेली की बॅगची चेन उघडतात. गेटच्या बऱ्याच आधी रस्त्यावर जॅकेट घातलेले लोक गाडी अडवून पार्किंग इथेच, तिकीट इथेच म्हणतात, थांबू नका, सरळ गेटपर्यंत जा.

इथे स्लॉथ दिसला, तीन बोटांचा, पिल्लू पोटाशी धरलेला. तो आठवड्यातून साधारण एकदाच झाडावरून खाली उतरतो, बाकी सगळं वरच. कोणी स्लॉथ हातात देऊन फोटो काढू देत असेल तर नाही म्हणा, सरकारची तशा फोटोंविरुद्ध मोहीमच आहे, त्या जनावराला त्याचा त्रास होतो.

पार्कमधला समुद्र शांत आहे. बाहेरच्या बऱ्याच किनाऱ्यांवर आत ओढणारा प्रवाह असतो आणि जीवरक्षक नसतो. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जा. पोहता येत नसेल तर घोट्याच्या पुढे जायचंच नाही, आई किनारा जन्मभर बघत आलीय पण तीही घोट्यापुढे गेली नाही.

बॅगेत काय आणि परत येताना

पटकन वाळणारे लांब बाह्यांचे कपडे, बंद बूट, रेनजॅकेट, डासांचं क्रीम कारण डेंग्यू तिथेही आहे, आईच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट, छोटी दुर्बीण. इमर्जन्सीला ९११. घरी फोन करताना लक्षात ठेवा, ते आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, आम्ही सकाळी साडेसातला करायचो, घरी संध्याकाळचे सात वाजलेले असायचे.

परतीच्या आदल्या दिवशी उरलेले कोलोन संपवा, भारतात कोणी घेत नाही. कॉफी घ्यायची असेल तर गावातल्या सुपरमार्केटमधून घ्या, एअरपोर्टवर तीच बरीच महाग. या देशात १९८९ ते २०१८ रोबस्टा लावायलाच बंदी होती, त्यामुळे साधी कॉफीसुद्धा अरेबिकाच. आम्ही चार पाकिटं घेतली आणि आईने एक तापा दे दुल्से, बबल रॅपमधे गुंडाळून चेक-इन बॅगेत. ती ढेप अर्धी ह्यूस्टनला भावाकडे ठेवली, अर्धी चिपळूणला आली.